चांदीची थापी, पितळेचा ओळंबा

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया शहरात फ्रीमेसन मंडळींच्या, म्हणजे गवंड्यांची हत्यारं आपली प्रतीकं मानणाऱ्या एका बंधुसंघाच्या, एका लॉजने (स्थानिक शाखेने) दोन शतकांहून जास्त काळ गवंड्याची एक थापी जपली आहे. पातं चांदीचं, मूठ हस्तिदंताची. त्याच शहरातल्या जॉन डफी नावाच्या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने ती घडवली, आणि १८ सप्टेंबर १७९३ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ती हातात घेऊन कॅपिटॉलची, म्हणजे तिथल्या संसद भवनाची, कोनशिला बसवली. वाजतगाजत मिरवणूक निघाली होती. राष्ट्राध्यक्ष फ्रीमेसनांचा एप्रन बांधून पायाच्या खड्ड्यात उतरले होते. कोरीव मजकुराचा चांदीचा पत्रा दगडाखाली ठेवला, वर धान्य, मद्य आणि तेल वाहिलं. नंतर पाचशे पौंडांचा अख्खा बैल भाजून जेवणावळ झाली.

पुढे कॅपिटॉल वाढत गेलं. १८१४ मध्ये इंग्रजांनी ते जाळलं, ते पुन्हा उभं केलं, दोन्ही अंगांना नवे भाग जोडले, घुमट बदलला. या सगळ्या उलथापालथीत ती कोनशिला नेमकी कुठे आहे हेच कळेनासं झालं. विसाव्या शतकात पाया उकरून पाहिला, चांदीच्या पत्र्याचा माग लागेल म्हणून धातुशोधक यंत्रं फिरवली. 'हाच तो दगड' असं खात्रीने म्हणता येईल असं काही हाती आलं नाही. थापी मात्र शाबूत आहे. १९५९ मध्ये आयझेनहॉवर यांनी पूर्वेकडच्या वाढीव बांधकामाची कोनशिला बसवली, ती हीच थापी घेऊन.

अशा थापी जगभरच्या वस्तुसंग्रहालयांत आहेत. मखमलीच्या पेटीत ठेवलेल्या, पात्यावर नाव, हुद्दा आणि तारीख कोरलेल्या. त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो तशी माझी नजर थापीवरून हलली आणि त्या समारंभातल्या दुसऱ्या तीन हत्यारांवर स्थिरावली. गुण्या, पाणसळ आणि ओळंबा. फ्रीमेसनांच्या रीतीत कोनशिला खाली आली की तीन अधिकारी ही तीन हत्यारं घेऊन पुढे येतात. एक जण गुण्या लावून दगडाचा कोपरा काटकोनात आहे का पाहतो. दुसरा पाणसळ ठेवून तो सपाटीत बसला का ते बघतो. तिसरा ओळंबा सोडून बाजू सरळ उभी आहे का ते तपासतो. तिघांनी आपापलं उत्तर दिल्यावरच प्रमुख लाकडी हातोड्याने तीन ठोके देतो आणि दगड नीट आणि खरा बसला असल्याचं सर्वांसमक्ष सांगतो. इंग्रजी अमलात फ्रीमेसनांशी संबंध नसलेल्या साध्या सरकारी समारंभांतही हातोड्याचे ठोके आणि हे एक वाक्य टिकून राहिलं.

म्हणजे या विधीच्या पोटात तपासणी आहे. पाहुण्याने नुसता हात लावायचा नाही, दगड तपासून घ्यायचा आणि त्याच्या खरेपणाची ग्वाही आपल्या तोंडाने द्यायची. समारंभातल्या सगळ्या थाटामाटात मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. आणि गेल्या शे-दीडशे वर्षांत समारंभातून गळून पडली तीही हीच, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ओळंब्याची ओळख मला पुस्तकातून झालेली नाही. आमच्या घराचं काम चाललं होतं तेव्हा सोलापूरकडचे एक मिस्त्री कामावर होते. त्यांच्या पिशवीत थापी, रंधा, पाटा, गुण्या, सुतळीचं बंडल, पाण्याची पारदर्शक नळी असं सगळं कोंबलेलं असायचं. ओळंबा मात्र वेगळ्या फडक्यात गुंडाळलेला असायचा. खाली पितळेचा लंबक, वर दोरा, आणि दोऱ्यात ओवलेली लंबकाच्याच जाडीची एक चौकोनी पट्टी. पट्टी भिंतीला वर टेकवायची आणि लंबक खाली सोडायचा. लंबक भिंतीला नुसता स्पर्श करून थांबला तर भिंत ओळंब्यात. भिंतीपासून सुटा लोंबकळला किंवा भिंतीवर रेलला तर काम चुकलं. वाऱ्याने लंबक हलायचा, तेव्हा मिस्त्री हाताचा आडोसा करून तो थांबायची वाट बघायचे. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही.

काम सुरू होण्याआधी त्यांनी जमिनीवर लाइनदोरी बांधली तो दिवसही लख्ख आठवतो. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, एका बाजूवर तीन फुटांची खूण केली, दुसरीवर चार फुटांची, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर टेपने मोजलं. बरोबर पाच फूट आलं तेव्हाच कोपरा गुण्यात आहे असं मानलं. आलं नसतं तर खुंटी उपटून पुन्हा ठोकली असती, म्हणाले. मग दोरीखाली फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारल्या आणि त्या रेघांच्या आत खोदाई सुरू झाली. शाळेत ज्या प्रमेयाने आम्हाला छळलं ते तिथे सुतळीवर उभं होतं.

जुन्या जगातल्या पायाभरणीच्या विधींकडे मी वळलो ते हे सगळं पाहिल्यानंतर. तिथे काय दिसतं? दोरी, खुंटी, पट्टी, साचा आणि पाटी.

प्राचीन इजिप्तमध्ये मंदिराच्या आरंभाचा मुख्य विधीच दोरी ताणण्याचा होता. मंदिरांच्या भिंतींवर तो कोरलेला आहे. एका बाजूला राजा, समोर लेखनाची आणि मोजणीची देवता सेशात. दोघांच्या हातांत मोगऱ्या, दोघांसमोर एकेक खुंट, आणि दोन खुंटांना वेढून ताणलेली दोरी. एडफू आणि डेंडेरा इथल्या लेखांत राजा आकाशातल्या सप्तर्षींकडे पाहून मंदिराची दिशा ठरवतो असं वर्णन येतं. त्यानंतर राजा कुदळीने चर खणतो, विटेसाठी माती थापतो, खड्ड्यात वाळू ओततो. दिशा आधी, खोदाई नंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे.

इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात हात्शेपसूत राणीने दैर अल-बाहरी इथे डोंगराच्या पायथ्याशी आपलं मंदिर बांधलं. उत्खननात तिथे पायाच्या कडेने विटांनी बांधून काढलेले खड्डे सापडले. त्यांतल्या वस्तू पाहिल्या की थक्क व्हायला होतं. लाकडी कुदळी, वाकस, छिन्न्या, कुऱ्हाडी, विटा पाडायचा लाकडी साचा, टोपल्या. पाळण्यासारखी बूड असलेली काही लाकडी साधनंही आहेत, आणि ती दगड हलवण्यासाठी असावीत असं अभ्यासक मानतात. सोबत सुगंधी तेलाच्या बरण्या आणि ताईत. कित्येक हत्यारांवर राणीचं नाव आणि मंदिराचं नाव लिहिलेलं आहे. यातल्या बऱ्याच वस्तू आज न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. मंदिराच्या पोटात त्याच्या बांधकामाचा अख्खा संच पुरला होता, तोही पुन्हा कुणी बाहेर काढावा म्हणून नव्हे. ही हत्यारं देवासाठी होती. देवाला दाखवायचं होतं ते कसब, कोण पाहुणा आला होता हे नाही.

मेसोपोटेमियात तर राजा मातीची पाटीच डोक्यावर घेतो. लागाशचा राजा उर-नान्शे याचा एक कोरीव दगडी फलक पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. राजा उघड्या अंगाने उभा आहे, डोक्यावर मातीची टोपली, समोर लहान आकारात त्याची मुलंबाळं. पुढे इसवी सनापूर्वी २१०० च्या सुमारास उर-नम्मू आणि शुल्गी या राजांनी तांब्याच्या अशाच मूर्ती घडवून घेतल्या. टोपली डोक्यावर, दोन्ही हात वर करून ती धरलेली. या मूर्ती मंदिराच्या पायात विटांच्या छोट्या कोनाड्यांत बंद करून ठेवत. निप्पूरच्या मंदिरांत त्या जागच्या जागी सापडल्या. ज्याच्या नावाने कर गोळा होतो त्याने घमेलं उचलणाऱ्या मजुराच्या रूपात स्वतःला कायमचं पुरून घ्यावं, ही कल्पना मला फार मोठी वाटते.

त्याच काळातल्या गुडिया राजाची गोष्ट तर मातीच्या दोन मोठ्या दंडगोलांवर तपशीलवार लिहिलेली आहे. निंगिर्सू देव स्वप्नात येतो आणि मंदिर मागतो. गुडिया पहिली वीट स्वतः पाडतो. साच्याला मध, लोणी आणि तेल लावतो, माती भरतो, वीट उन्हात वाळवतो आणि ती डोक्यावर घेऊन निघतो. याच गुडियाचा एक काळ्या दगडाचा पुतळा लूव्रमध्ये आहे. डोकं तुटलेलं, हात जोडलेले, आणि मांडीवर एक पाटी. पाटीवर देवळाच्या आवाराचा आराखडा कोरलेला आहे, शेजारी लेखणी आहे आणि कडेला खुणा केलेली मोजपट्टी. राजाने देवासमोर कायमचं बसायचं तर मांडीवर मोजपट्टी घेऊन.

आपल्याकडचं शिल्पशास्त्रही इथूनच सुरू होतं. यज्ञवेदीची मापं सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी खुंटी, रोवण्याची रीत आहे. जमीन पाण्यासारखी सपाट करायची, मधोमध शंकू रोवायचा, शंकूच्या उंचीइतकी दोरी घेऊन त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी शंकूच्या टोकाची सावली वर्तुळरेषेला जिथे शिवेल तिथे एक खूण, संध्याकाळी दुसऱ्या बाजूला शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम मिळते. 'मयमत' आणि 'मानसार' या वास्तुग्रंथांतही हाच शंकू आणि हीच दोरी. पायात रत्नं, धातू, धान्य आणि माती ठेवलेली पेटी बसवायची, तो गर्भन्यासाचा विधी. पण दिशा सापडल्याशिवाय त्याची जागाच ठरत नाही. सगळा दिवस उन्हात सावलीवर नजर ठेवून बसायचं, हीच त्या बांधकामाची पहिली पूजा होती.

पुण्याच्या माणसाला पायाभरणीचं हत्यार म्हटलं की नांगर आठवतो. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने १६३० च्या सुमारास पुणं उद्ध्वस्त केलं, गाढवाचा नांगर फिरवला, जमिनीत लोखंडी पहार ठोकली आणि तिथे फाटकी वहाण आणि केरसुणी टांगली. काही वर्षांनी जिजाबाई बाल शिवाजीराजांना घेऊन आल्या, ती पहार उपटली आणि सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून गाव पुन्हा वसवलं, असं परंपरा सांगते. रोमन लोकही नवं शहर वसवताना नांगराने तटाची आखणी करत. फाळ काशाचा, जुवाला बैल आणि गाय. वेशीच्या जागी नांगर उचलून घेत, म्हणजे तिथली जमीन नांगराविना राहत असे. नांगराची ती तास म्हणजे तटाचा नकाशाच. पुण्यातला सोन्याचा फाळ मात्र निराळ्या कामाचा होता. त्याला कसली मापं घ्यायची नव्हती. लोकांची धास्ती मोडायची होती, आणि ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोडायला हवी होती. अशा वेळी सोनं शोभतं. समारंभाच्या हत्याराला आणखी कुठलंही समर्थन लागत नाही असा हा प्रसंग आहे.

शिवरायांनी पुढे सिंधुदुर्ग बांधला तेव्हाची पायाभरणी मला आणखी जवळची वाटते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर पूजा झाली. ती जागा आजही 'मोरयाचा धोंडा' म्हणून दाखवतात. गणपती, चंद्र आणि सूर्य कोरलेला एक खडक. सोन्याचा नारळ समुद्राला अर्पण केला असं सांगतात. पण त्याच्या आधी कोळ्यांकडून समुद्राची माहिती घेतली होती, कुरटे बेटाभोवतीचे खडक पाहिले होते, आणि पायात शिसं ओतून दगड बसवले होते. लाटा साडेतीनशे वर्षं त्या पायाची परीक्षा घेत आहेत. किल्ल्याच्या कामाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते हिरोजी इंदुलकर, रायगडाचेही बांधकाम त्यांचंच. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाची पायरी चढताना खाली पाहिलं तर दगडात अक्षरं दिसतात. सेवेचे ठायी तत्पर हिरोजी. आल्यागेल्याचा पाय पडावा अशा जागी त्यांनी नाव लिहिलं. मी त्या पायरीवर दरवेळी थबकतो, कारण बांधकाम खरं असल्याची ग्वाही ज्याने बांधलं त्यानेच दिल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

मग इंग्रज आले आणि कोनशिलेचा त्यांचा विधी इथे रुजला. मुंबईत जे. जे. रुग्णालयाची कोनशिला ३ जानेवारी १८४३ रोजी फ्रीमेसनांच्या पूर्ण इतमामात बसवली गेली. पश्चिम हिंदुस्थानातले त्यांचे प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांनी ती बसवली. त्याच बर्न्सनी हिंदी लोकांना प्रवेश देणारं लॉज मुंबईत सुरू केलं. जमशेटजी जीजीभॉय यांनी आणि कंपनी सरकारने पैसे दिले होते. ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीव इथे रेल्वेच्या कामाची पहिली कुदळ पडली, ती मुंबई सरकारचे मुख्य सचिव विलोबी यांच्या हातून. मुंबई ते ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये.

इथपर्यंत विधी आणि काम हातात हात घालून चालले होते. नंतरच्या तारखा एकमेकींशेजारी मांडल्या तेव्हा मी अस्वस्थ झालो. मुंबई महापालिकेच्या मुख्य इमारतीची कोनशिला व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी ९ डिसेंबर १८८४ रोजी बसवली. बांधकाम सुरू झालं १८८९ मध्ये, मधल्या काळात आराखडा कुणाचा घ्यायचा हेच ठरत होतं. अखेर एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा आराखडा घेतला आणि १८९३ मध्ये इमारत पुरी झाली. आज ज्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात त्याची कोनशिला तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स यांनी ११ नोव्हेंबर १९०५ रोजी बसवली. वास्तुकार जॉर्ज विटेट यांच्याकडे इमारतीचं काम आलं १९०९ मध्ये. गेटवे ऑफ इंडियाची कोनशिला गव्हर्नर सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांनी ३१ मार्च १९१३ रोजी बसवली, तर विटेट यांच्या अंतिम आराखड्याला मंजुरी मिळाली ऑगस्ट १९१४ मध्ये. त्यानंतर १९१९ पर्यंतची वर्षं समुद्रात भर घालून पाया तयार करण्यात गेली. ४ डिसेंबर १९२४ रोजी ती कमान खुली झाली.

तिन्ही इमारती मला प्रिय आहेत. गेटवेचा पिवळसर बेसॉल्ट संध्याकाळच्या उन्हात पाहत उभं राहावं, संग्रहालयाच्या घुमटाखाली मान वर करून फिरावं. पण या तिन्ही ठिकाणी दगड आधी आणि रेघ नंतर, हे काही केल्या मला पचत नाही. ज्या दगडापासून मापं सुरू व्हायची त्याच्याभोवती कुठल्या भिंती येणार हे ठरलेलंच नव्हतं. मग त्या दिवशी गुण्या कशाला लावला असता? ओळंबा कुठून सोडला असता? उरली फक्त चांदीची थापी. ती पाहुण्याच्या हाती द्यायची, चुन्याचा एक हात फिरवून घ्यायचा आणि समारंभानंतर ती पेटीसकट त्यांनाच भेट द्यायची. थापीवर नाव कोरायचं ते तिने काम करणाऱ्या गवंड्याचं नव्हे, ती घरी नेणाऱ्या पाहुण्याचं.

सगळ्यात मोठं उदाहरण दिल्लीचं. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज मुंबईला अपोलो बंदरावर उतरले, ज्याच्या आठवणीसाठी पुढे गेटवे बांधलं. दिल्ली दरबारात त्यांनी राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवत असल्याचं जाहीर केलं आणि लगेच १५ डिसेंबरला दरबाराच्या छावणीच्या परिसरात नव्या शहराच्या कोनशिला बसवून टाकल्या. जागा पाहायला समिती आली ती त्यानंतर, १९१२ मध्ये. नव्या दिल्लीचे वास्तुकार लट्येन्स त्या समितीत होते. समितीने उत्तरेकडची ती जागा सखल आणि रोगट ठरवून नाकारली आणि कित्येक मैल दक्षिणेला रायसीना टेकडी निवडली. मग बादशहाच्या हातच्या त्या कोनशिला उचलून तिकडे न्याव्या लागल्या. ज्यांना 'पक्क्या बसल्या' असं म्हटलं गेलं असेल त्या शिला अवघ्या चार वर्षांत जागेवरून हलल्या.

ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराचंही काहीसं असंच झालं. १२ मार्च १९१३ रोजी, म्हणजे गेटवेच्या कोनशिलेच्या तीनच आठवडे आधी, नव्या राजधानीच्या आरंभस्तंभाच्या कोनशिला तिघांनी बसवल्या. गव्हर्नर जनरल लॉर्ड डेनमन, पंतप्रधान अँड्र्यू फिशर आणि मंत्री किंग ओमॅली. प्रत्येकासाठी एकेक सोन्याची थापी होती. लेडी डेनमन यांनी शहराचं नाव जाहीर केलं. शहर वसलं, पण ज्याच्या पायाशी त्या थापी चालल्या तो स्तंभ कधी उभाच राहिला नाही. थापी मात्र जपून ठेवल्या गेल्या.

मुंबईतल्याच आणखी एका इमारतीकडे बघू या, तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसकडे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे. स्टीव्हन्स यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. एम. जनार्दन या दोघांनी कामावर देखरेख केली. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं. नक्षीकामात कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. आणि मुंबईच्या बांधकामांवर पिढ्यानपिढ्या राबलेली तेलुगू कामाठी मंडळी, ज्यांच्यावरून कामाठीपुरा हे नाव पडलं. या माणसांच्या हातच्या थापी झिजून गेल्या. थापीचं पातं रोज चुन्यावर आणि विटेवर घासतं, टोक गोल होतं, मग मिस्त्री ती टाकून नवी घेतो. संग्रहालयात ठेवायला ती उरतच नाही. एकाही हत्याराचा मागमूस नाही, पण घुमट ओळंब्यात आहे.

आजच्या भूमिपूजनाकडे मी याच डोळ्यांनी बघतो. मांडव, लाल गालिचा, फिती बांधलेली आणि झेंडूची माळ घातलेली नवीकोरी कुदळ, तिच्या मुठीलाही कागद गुंडाळलेला. गालिच्याला चौकोनी खाच ठेवून तेवढीच माती उघडी. शेजारी पडद्याआड कोनशिला, काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत नावांची उतरंड. अलीकडे तर दूरदृश्य प्रणालीवरून ई-भूमिपूजन होतं. शंभर मैलांवर बसून कळ दाबली की इकडे पडदा सरकतो. एकाच दिवशी एकाच कळीने दहा-वीस कामांचा आरंभ होतो. कळ दाबायला हत्यार लागत नाही, खड्ड्यात उतरावं लागत नाही, आणि काही तपासावंही लागत नाही. राजाच्या डोक्यावरच्या टोपलीपासून आपण इथवर आलो.

सरकारी कामात तपासणी होत नाही असं नाही. कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन आखणी तपासतो, मोजमाप पुस्तकात नोंद करतो, खाली सही करतो. त्या सहीवर कंत्राटदाराचं बिल निघतं आणि इमारत वाकडी झाली तर ती सही पुढे येते. दगड खरा बसल्याची ग्वाही आज त्या पुस्तकात आहे, टेबलावर, फायलींच्या गठ्ठ्यात. समारंभात तिला जागा नाही.

गवंड्यांच्या घरी मात्र ती जागा अजून आहे. खंडेनवमीला आमचे मिस्त्री सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडायचे. हळदकुंकू, झेंडू, पुढे नारळ. थापी, रंधा, हातोडा, गुण्या, पहार, घमेलं, आणि मधोमध ओळंबा. त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. घरातली पोरं त्या पाटाभोवती घुटमळत, पण ओळंब्याच्या दोऱ्याला कुणी बोट लावलेलं त्यांना खपायचं नाही. दोऱ्याला गाठ पडली तर तो पुन्हा सरळ लोंबत नाही, असं ते सांगायचे. सोन्यानाण्याची बाहेर कुठे पूजा होत असेल, इथे खरेपणा दाखवणाऱ्या वस्तूची होत होती, आणि रोज ती वापरणारा माणूसच ती करत होता.

म्हणून मला मनापासून वाटतं की भूमिपूजनात तपासणी परत आणावी. खर्च काहीच नाही. कुदळीच्या शेजारी ताटात ओळंबा, गुण्या आणि पाण्याची नळी ठेवावी. आराखडा मंजूर होऊन लाइनदोरी बांधून झाल्यावरच मुहूर्त धरावा, आधी नको. पाहुण्यांनी नारळ वाढवावा, कुदळ मारावी, पहिला दगड बसवायला हात लावावा. मग सगळ्यांनी गप्प उभं राहावं आणि मिस्त्रींनी पुढे यावं. त्यांनी पाणी धरून पाहावं, गुण्या लावावा, ओळंबा सोडावा, वारा असेल तर लंबक थांबेपर्यंत थांबावं. पाहुण्यांनी विचारावं, "मिस्त्री, बसला का?" आणि मिस्त्री म्हणाले, "नाही साहेब, अजून एक सूत डावीकडे घ्या," तर माइक बाजूला ठेवून तो दगड एक सूत डावीकडे घ्यावा, आणि पुन्हा विचारावं.